पोलादाच्या अम्लमार्जनातील त्याज्य द्रवापासून फेराइटयोग्य लोह ऑक्साइड

तापलेल्या लोखंडावर घण पडला की काळ्या खपल्या उडतात, हे गावातील लोहाराच्या शाळेत कोणीही पाहिलेले असते. पोलादाच्या मोठ्या कारखान्यांत हीच गोष्ट फार मोठ्या प्रमाणावर घडते. बाराशे अंशांच्या आसपास तापवलेला पोलादाचा ठोकळा लाटून त्याचा पत्रा होईपर्यंत त्याच्या पृष्ठभागाचा हवेशी व पाण्याच्या फवाऱ्याशी सतत संबंध येतो आणि गुंडाळीत बांधल्या जाणाऱ्या पत्र्यावर लोहाच्या निरनिराळ्या ऑक्साइडांचा, सुमारे दहा मायक्रॉन जाडीचा, घट्ट पापुद्रा बसतो. कारखान्याच्या भाषेत त्याला ‘स्केल’ म्हणतात. हा पापुद्रा तसाच ठेवून पत्रा थंड स्थितीत लाटता येत नाही व त्यावर जस्ताचा किंवा कथलाचा मुलामाही धरत नाही. म्हणून तो अम्लात विरघळवून काढावा लागतो. या क्रियेस अम्लमार्जन किंवा पिकलिंग असे नाव आहे. या क्रियेत पत्र्याच्या वजनाच्या सुमारे अर्धा टक्का लोह अम्लात जाते. वरवर पाहता हे प्रमाण क्षुल्लक आहे. परंतु वर्षास दहा लाख टन पत्रा धुणाऱ्या कारखान्यात ते पाच हजार टनांच्या घरात जाते, आणि ते सर्व आम्लयुक्त, दाहक अशा द्रवाच्या रूपाने कारखान्याच्या दाराशी साचते.

या द्रवाचे काय करावयाचे, हा प्रश्न पोलाद उद्योगापुढे प्रथमपासून आहे. पूर्वी अम्लमार्जनासाठी मुख्यतः सल्फ्यूरिक अम्ल वापरीत. त्याचा त्याज्य द्रव थंड केला असता फेरस सल्फेटाचे हिरवट स्फटिक, म्हणजे आपल्याकडील रंगाऱ्यांच्या व शाई करणाऱ्यांच्या परिचयाचा हिराकस, वेगळे होत असत व उरलेले अम्ल पुन्हा वापरता येई. हिराकस भाजून त्यापासून तांबडा रंगही करीत. मात्र जगाला लागणाऱ्या हिराकसापेक्षा पोलाद कारखान्यांत तयार होणारा हिराकस कितीतरी अधिक होता. १९६० नंतरच्या दशकात सल्फ्यूरिक अम्लाची जागा हायड्रोक्लोरिक अम्लाने घेतली. हे अम्ल खालच्या धातूला फारशी इजा न करता ऑक्साइड झपाट्याने विरघळविते व पत्रा अधिक स्वच्छ निघतो. तथापि फेरस क्लोराइड हिराकसाप्रमाणे सुलभतेने स्फटिकरूपात वेगळे करता येत नाही. त्यामुळे अम्ल बदलताच त्याज्य द्रवाची जुनी व्यवस्था कोलमडली, आणि नवी व्यवस्था शोधणे भाग पडले.

या द्रवाची धोकादायकता नेमकी कशात आहे, हे साध्या गणिताने ध्यानात येते. वापरून संपलेल्या मार्जनद्रवाच्या एका लिटरात साधारणतः १२० ग्रॅम लोह असते व ते बहुतांशी फेरस क्लोराइडाच्या रूपात असते. त्याखेरीज काही अम्ल मोकळे राहिलेले असते. हा द्रव नदीत सोडला तर अम्लाचा दाह हा पहिला परिणाम झाला. दुसरा परिणाम अधिक दूरवर पोहोचतो. फेरस लोहाचे फेरिक लोह होताना पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन खर्ची पडतो. लोहाच्या चार अणूंमागे ऑक्सिजनाचा एक रेणू या हिशेबाने १२० ग्रॅम लोहास १७ ग्रॅमांहून थोडा अधिक ऑक्सिजन लागतो. उबदार हवामानात नदीच्या स्वच्छ पाण्यात दर लिटरला सुमारे ८ मिलिग्रॅम ऑक्सिजन असतो. म्हणजे एक लिटर मार्जनद्रव दोन हजार लिटरांहून अधिक पाण्याचा प्राणवायू हिरावून घेऊ शकतो. त्यानंतर तळाशी बसणारा पिवळसर तांबूस गाळ निराळाच. भारतात २०१६ च्या धोकादायक कचरा नियमांत लोह-पोलाद उद्योगाच्या कचऱ्यात हा द्रव नावानिशी नोंदलेला आहे, आणि अमेरिकेच्या यादीतही त्यास स्वतंत्र क्रमांक आहे.

चुनखडीने किंवा चुन्याने हा द्रव मारावा, हा सर्वांत सोपा उपाय. परंतु तो उपाय म्हणण्याजोगा नाही. वरील एक लिटर द्रवातील फेरस क्लोराइडासाठीच सुमारे १६० ग्रॅम विरलेला चुना लागतो, मोकळ्या अम्लासाठी लागेल तो वेगळा. लोहाचा हायड्रॉक्साइड चिकट लगद्याच्या रूपाने खाली बसतो. तो नीट गाळला जात नाही व वाळतही नाही. पाण्यात सुमारे २४० ग्रॅम कॅल्शियम क्लोराइड उरते, जे कोणत्याही स्वस्त उपायाने काढता येत नाही. थोडक्यात, एका त्याज्य पदार्थाचे दोन त्याज्य पदार्थ होतात, आणि अम्ल, लोह व चुना हे तिन्ही वाया जातात.

याहून निराळी दिशा उच्च तापमानी जलीय विच्छेदनाने दाखविली. फेरस क्लोराइड हवा व वाफ यांच्या सान्निध्यात पुरेसे तापविले असता फेरस क्लोराइडाचे चार रेणू, पाण्याचे चार व ऑक्सिजनाचा एक यांपासून फेरिक ऑक्साइडाचे दोन आणि हायड्रोजन क्लोराइडाचे आठ रेणू मिळतात. ऑक्साइड घनरूपात खाली पडते, हायड्रोजन क्लोराइड वायुरूपाने निघून जाते व पाण्यात शोषले की पुन्हा तेच अम्ल हाती येते. वरील एका लिटरातून सुमारे १७० ग्रॅम फेरिक ऑक्साइड व मोकळे अम्ल वगळता आणखी सुमारे १५५ ग्रॅम हायड्रोजन क्लोराइड मिळावयास हवे. ही विक्रिया नवी नव्हे. नवे आहे ते तिला दिलेले यंत्ररूप.

यंत्ररूपे मुख्यतः दोन झाली. ऑस्ट्रियातील रूथ्नर यांच्या नावाने ओळखली जाणारी पहिली पद्धत फवाऱ्याची होय. उंच, उभ्या, आतून विटांनी मढविलेल्या भट्टीच्या माथ्यावरून द्रवाचा फवारा सोडतात व बाजूच्या ज्वालकांतून येणारे तप्त वायू आत भोवऱ्याप्रमाणे फिरवितात. ज्वालकांच्या पट्ट्यात तापमान सहाशे ते सातशे अंशांच्या आसपास असते आणि वर निघणारे वायू चारशे अंशांच्या आसपास असतात. थेंब खाली येता येता प्रथम त्यातील पाणी जाते, मग पृष्ठभागावर क्लोराइडाचे व त्यानंतर ऑक्साइडाचे कवच धरते, आतील बाष्प ते कवच फोडून बाहेर पडते आणि तळाशी अत्यंत हलक्या, पोकळ व फुटक्या गोळ्यांचे तांबडे चूर्ण जमते. हाताला ते गेरूसारखे लागते. मात्र गेरूपेक्षा कितीतरी हलके. दुसरी पद्धत जर्मनीतील लुर्गी कंपनीची. तीत आठशे ते नऊशे अंशांच्या दरम्यान, वाऱ्याच्या झोतावर तरंगत ठेवलेल्या ऑक्साइडाच्या कणांवर द्रव सोडतात. प्रत्येक कणावर कांद्याच्या पापुद्र्यांप्रमाणे थरावर थर चढत जातात व शेवटी जड, टणक, धूळ न उडविणारे दाणे मिळतात. वाहतुकीस दुसरा माल सोयीचा. चूर्ण म्हणून वापरण्यास पहिला. मृत्तिकाशास्त्राच्या दृष्टीने, म्हणजे ज्यास आज सिरॅमिक असे नाव रूढ आहे त्या पदार्थांच्या दृष्टीने, पहिल्या पद्धतीचे महत्त्व अधिक आहे.

भट्टीतून निघणारा वायू व आत येणारा द्रव यांची गाठ घालून दिलेली असते, हा या यंत्रणेतील विशेष कौशल्याचा भाग. तप्त वायू आत येणाऱ्या थंड द्रवातून नेला की द्रवातील पाण्याचा काही अंश तेथेच उडतो व वायूही शंभर अंशांखाली येतो. पुढे शोषक मनोऱ्यात पत्रे धुतल्यावर उरलेले पाणी वापरतात; म्हणजे धुण्याचे पाणीही बाहेर जात नाही. मिळणारे अम्ल शेकडा १८ च्या आसपास तीव्रतेचे असते. याहून तीव्र अम्ल अशा मनोऱ्यातून मिळणे कठीण, कारण हायड्रोक्लोरिक अम्ल व पाणी यांचे शेकडा २० च्या सुमारास स्थिर उकळबिंदूचे मिश्रण होते. सुदैवाने अम्लमार्जनाला नेमकी तेवढीच तीव्रता पुरते. एकंदर क्लोराइडापैकी जवळजवळ सर्व परत मिळते. उष्णतेचा खर्च मात्र टळत नाही. एका लिटरात पाऊण किलोहून अधिक पाणी असते व त्याचे बाष्पीभवन करावेच लागते. वापरलेल्या अम्लाची किंमत व ते नष्ट करण्याचा खर्च ही दोन्ही वाचतात म्हणूनच हा व्यवहार परवडतो. ऑक्साइडाची किंमत प्रारंभी कोणी हिशेबात धरलीही नव्हती. ते एक निरुपद्रवी तांबडे चूर्ण होते, एवढेच त्याचे भूषण.

त्यास खरा ग्राहक मिळाला तो चुंबकीय सिरॅमिकांच्या उद्योगात. लोहाचे ऑक्साइड व दुसऱ्या एखाद्या धातूचे ऑक्साइड यांच्या संयोगाने होणाऱ्या पदार्थांस फेराइट म्हणतात. उच्च कंप्रतेच्या प्रत्यावर्ती प्रवाहात लोखंडी गाभ्यामध्ये भोवरा प्रवाह निर्माण होऊन शक्ती वाया जाते, व विद्युत् रोधक अशा चुंबकीय ऑक्साइडाने हा व्यय टाळता येईल, ही कल्पना जर्मनीत हिल्पर्ट यांनी १९०९ मध्येच मांडली होती. टोकियो येथील काटो व टाकेई यांनी १९३० मध्ये त्या दिशेने यशस्वी काम केले आणि त्यांच्या शोधावर १९३५ मध्ये टीडीके ही कंपनी उभी राहिली. हॉलंडमधील फिलिप्सच्या प्रयोगशाळेत स्नूक यांनी मँगॅनीज-जस्त व निकेल-जस्त फेराइटांचा पद्धतशीर अभ्यास केला. या पदार्थांच्या चुंबकत्वाची उपपत्ती नेएल यांनी १९४८ मध्ये दिली, व त्यांस १९७० चे नोबेल पारितोषिक मिळाले. फिलिप्सच्याच प्रयोगशाळेतून १९५० नंतर बेरियम फेराइटाचा कायम चुंबक पुढे आला, त्यामागून स्ट्राँशियमाचा. आज ध्वनिक्षेपकातील काळे कडे, मोटारगाडीतील लहान मोटरींचे चुंबक, शीतकपाटाच्या दाराची पट्टी ही या दुसऱ्या वर्गातील कठीण फेराइटे होत. भ्रमणध्वनीचा चार्जर उघडला तर त्यात दिसणारा करडा गाभा पहिल्या, म्हणजे मृदू वर्गातील होय.

या पदार्थांत लोह ऑक्साइडाचा वाटा किती, हे पाहण्यासारखे आहे. स्ट्राँशियम फेराइटात वजनाने शेकडा ९०, बेरियम फेराइटात शेकडा ८६ व मँगॅनीज-जस्त फेराइटात शेकडा ७० च्या आसपास फेरिक ऑक्साइडच असते. तेव्हा फेराइटाचा गुण व किंमत ही प्रामुख्याने त्याच्या लोह ऑक्साइडावर ठरतात. येथे एक विसंगती नजरेस येते. निसर्गातील चांगल्यात चांगल्या हेमॅटाइटातही सिलिका व ॲल्युमिना ही टक्क्यांच्या प्रमाणात असतात; ते धातुक दळून मृदू फेराइट करता येत नाही. उलट, ज्याला नियमांनी धोकादायक कचरा ठरविले, त्या द्रवातून येणारे ऑक्साइड शेकडा ९९ हून अधिक शुद्ध असते. कारण उघड आहे. झोतभट्टीत व पुढे पोलाद करताना खनिजातील सिलिका मळीवाटे बाहेर काढलेली असते. शुद्धीकरणाचा खर्च पोलादाने आधीच सोसलेला असतो आणि फेराइटवाला त्याचा आयता धनी होतो. कचऱ्यातून उपयुक्त चूर्ण काढण्याच्या पुष्कळ योजना कागदावर राहिल्या आणि हीच का तरली, याचे उत्तर बहुतांशी या एका गोष्टीत आहे. जो त्याज्य पदार्थ अनेक द्रव्यांची सरमिसळ असतो व रोज वेगळा असतो, त्यातून सिरॅमिक चूर्ण काढणे शक्य असले तरी किफायतीचे होत नाही. मार्जनद्रव मात्र पोलादाच्या जातीप्रमाणे थोडाफार बदलतो, एरवी एकसारखा असतो.

तरीही ‘शेकडा ९९ हून अधिक’ या शब्दांनी फसून जाऊ नये. उरलेल्या अंशात काय आहे, यावरच सर्व अवलंबून असते. मँगॅनीज असेल तर हरकत नाही. साध्या पोलादात ते असतेच, भट्टीत त्याचेही ऑक्साइड होते व मँगॅनीज-जस्त फेराइटात ते हवेच असते, फक्त मिश्रण करताना तेवढे वजा धरावे लागते. सिलिकेची गोष्ट वेगळी. मृदू फेराइटाच्या तापपिंडनात, म्हणजे दाबून घडविलेली वस्तू तेराशे अंशांच्या वर तापवून तिचे कण एकजीव करण्याच्या क्रियेत, सर्व स्फटिककण सारख्या गतीने वाढले पाहिजेत. सिलिका फार झाली की कणांच्या सीमांवर काचेसारखा द्रव तयार होतो आणि काही मोजके कण शेजाऱ्यांना गिळून राक्षसी आकाराचे होतात. अशा कणांच्या पोटात छिद्रे अडकून राहतात, गाभ्याची चुंबकीय पार्यता घसरते व शक्तिव्यय वाढतो. फॉस्फरसही अशाच वाढीस उत्तेजन देतो. गंमत अशी की, सिलिका अजिबात नसणेही इष्ट नव्हे. दहा लाख भागांत पन्नास-शंभर भाग इतक्याच सिलिकेला थोड्या कॅल्शियम ऑक्साइडाची जोड दिली, तर कणसीमांवर अत्यंत पातळ विद्युत् रोधक थर बसतो व भोवरा प्रवाह अडविला जातो. म्हणून उत्पादक प्रथम सिलिकारहित ऑक्साइड मागतो आणि मग स्वतः मोजून सिलिका घालतो. कठीण फेराइटात तर शेकड्यात अर्ध्यापर्यंत सिलिका मुद्दाम मिसळतात, कारण तेथे कण मायक्रॉनाच्या आसपास लहानच ठेवावयाचे असतात. एकच मलद्रव्य एका घरी विष व दुसऱ्या घरी औषध ठरते. यावरूनच बाजारात या ऑक्साइडाच्या निरनिराळ्या प्रती पडल्या. साधी प्रत कठीण फेराइटाकडे जाते, शुद्ध केलेली मृदू फेराइटाकडे.

हे शुद्धीकरण ऑक्साइडाचे नव्हे, द्रवाचे करावे लागते. एकदा सिलिका ऑक्साइडाच्या कणांत बसली की ती धुऊन निघत नाही. द्रवातील सिलिका काही अंशी कलिल रूपात असल्याने साध्या गाळणीतूनही पार होते. यावर रूढ झालेली युक्ती अशी : भंगार लोखंड घालून प्रथम मोकळे अम्ल संपवितात, नंतर अमोनिया घालून द्रवाचा पीएच चारच्या आसपास आणतात व थोडी हवा फुंकतात. फेरस लोह या स्थितीत द्रवातच राहते. परंतु जे थोडे फेरिक लोह असते ते, आणि त्यासोबत ॲल्युमिनियम व क्रोमियम, हायड्रॉक्साइडाच्या रूपात साकळून खाली येतात व येता येता सिलिकेला पदराखाली घेतात. हा साका गाळून काढला की खालचा द्रव भट्टीत जातो, आणि ऑक्साइडातील सिलिका दहा लाख भागांत शंभर भागांच्या खाली आणता येते. गाळणीवर उरलेला साका मात्र पुन्हा त्याज्यच असतो, व त्याची विल्हेवाट नियमांप्रमाणे लावावी लागते. प्रमाणाने तो मूळ द्रवाच्या मानाने अगदी थोडा असला तरी, या पद्धतीत कचरा शून्य होतो असे जे सांगितले जाते ते अक्षरशः खरे नाही.

दुसरा झगडा क्लोराइडाचा. भट्टी मंद ठेवली तर चूर्ण सूक्ष्म व क्रियाशील होते, त्याचा विशिष्ट पृष्ठभाग ग्रॅमास तीन ते पाच चौरस मीटर राहतो, पण त्यात क्लोराइडाचा अंश अधिक उरतो. तो पुढे फेराइटाच्या भट्टीत अम्लाच्या वाफेच्या रूपाने सुटतो व भट्टीचे लोखंडी भाग खातो. भट्टी कडक केली तर क्लोराइड जाते. परंतु कण एकमेकांस चिकटून जाड होतात, आणि मँगॅनीज व जस्त यांच्या ऑक्साइडांशी त्यांची घन अवस्थेतील विक्रिया मंदावते. उत्पादक या दोहोंच्या मध्ये उभा असतो. काही जण चूर्ण पाण्याने धुतात, काही ते पुन्हा सौम्य भाजतात. कोणताही मार्ग फुकटचा नाही.

मोठ्या एकात्मिक कारखान्यांत हा प्रश्न अशा रीतीने पुष्कळसा सुटला आहे. तार ओढणारे, नळ्या करणारे व जस्ताचा मुलामा देणारे लहान कारखाने मात्र या व्यवस्थेच्या बाहेर राहिले. ताशी काही हजार लिटर द्रव घेणारी भट्टी त्यांच्या आवाक्यातील नव्हे. भारतातील नियमांप्रमाणे एका कारखान्याचा धोकादायक कचरा दुसऱ्याने कच्चा माल म्हणून वापरावयाचा असल्यास राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळाची अनुज्ञा लागते, आणि हा द्रव रस्त्याने वाहून नेणे हेही जोखमीचेच. त्यातून मुलाम्याच्या कारखान्यातील अम्लात जस्त उतरलेले असते, कारण बिघडलेला मुलामा काढण्यासाठीही तेच अम्ल वापरतात. जस्ताचे क्लोराइड फवाऱ्याच्या भट्टीत नीट विघटित होण्याऐवजी उडते व थंड भागांवर चिकट थर धरून नळ्या तुंबविते. वस्तुतः मृदू फेराइटाला जस्त हवेच असते. हवे असलेले द्रव्य योग्य वस्तूत, पण अयोग्य यंत्रात येऊन पडते.

यासाठी दोन वाटा चोखाळल्या जात आहेत. हायड्रोक्लोरिक अम्लात जस्त ऋणभारित क्लोराइड-संकुल बनविते, फेरस लोह तसे बनवीत नाही. या भेदाचा लाभ घेऊन ऋणायन-विनिमय रेझिनाने किंवा ट्रायब्यूटिल फॉस्फेटासारख्या विद्रावकाने जस्त आधीच वेगळे करता येते, व उरलेला द्रव भट्टीस योग्य होतो. दुसरी वाट भट्टीच टाळण्याची. द्रवात हवी तेवढी मँगॅनीज व जस्ताची लवणे मिसळून, अल्कली घालून व हवा फुंकून, शंभर अंशांच्या खालीच फेराइटाचे सूक्ष्म कण सहअवक्षेपाने मिळविता येतात. महाराष्ट्रातील विद्यापीठांच्या पदार्थविज्ञान व रसायनशास्त्र विभागांत फेराइटांवर दीर्घकाळ काम झाले आहे, व सहअवक्षेपाची ही पद्धत तेथील विद्यार्थ्यांच्या हातातली आहे. मात्र ती बहुधा बाटलीबंद शुद्ध लवणांवर चालते. त्याज्य द्रवावर ती लावली असता अम्ल परत मिळत नाही, अल्कलीच्या जोडीने मिठाचे पाणी उरते, आणि द्रवातील सिलिका झाडून सारी साक्याबरोबर येते. अशा चूर्णाचे क्ष-किरण चित्र स्वच्छ दिसते व चुंबकीय संपृक्ततेचा आकडाही समाधानकारक येतो. कारण ही दोन्ही मापने शेकडा एखाद्या अंशाच्या सिलिकेकडे जवळजवळ आंधळी असतात. त्याच चूर्णाची वडी दाबून, तेराशे अंशांवर तापवून, तिचा काप घासून सूक्ष्मदर्शकाखाली धरला म्हणजे राक्षसी कण दिसतात की नाही ते कळते. त्याज्य द्रवापासून केलेल्या फेराइटावरील निबंधात सिलिका, फॉस्फरस व क्लोराइड यांचे आकडे आणि तापपिंडनानंतरची कणरचना दिलेली नसेल, तर ते चूर्ण कोणत्या प्रतीचे आहे हे त्या निबंधावरून ठरविता येत नाही.